अध्याय संपल्यावर

१

मावशी एका जागी स्वस्थ बसली आहे असं दृश्य काकांनी लग्नाला इतकी वर्षं होऊनही फारसं पाहिलं नव्हतं. भाजी चिरता चिरता ती पडदा सरकवायला उठायची, पडदा सरकवता सरकवता कुंड्यांकडे वळायची, आणि कुंड्यांशी पोचल्यावर तिच्या लक्षात यायचं की सुरी अजून हातातच आहे. टेलिफोन खात्यात नोकरी होती तोवर खात्यानं तिला कानाला यंत्र लावून खुर्चीत जखडून ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर तिच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. काका म्हणत, हिचा फोटो काढायचा तर फोटोग्राफरनं सोबत पळायला हवं.

याला अपवाद एकच. रोज दुपारी जेवणाची आवराआवर झाली की मावशी कोठीच्या खोलीत जाऊन बसायची आणि मोठ्यानं पुस्तक वाचायची. शहरात अंधांसाठी बोलकी पुस्तकं ठेवणारं एक ग्रंथालय होतं. त्याच्यासाठी ती कित्येक वर्षं वाचत आली होती. ऐकणाऱ्यांनी तिला पाहिलेलं नव्हतं, पण आवाजावरून तिला मावशी करून टाकलं होतं. मग ग्रंथपालबाई, शेजारीपाजारी असे सगळेच तिला मावशी म्हणू लागले.

कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतींवर जुन्या रजया टांगलेल्या, छताला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले. टेबलावर कॉम्प्युटर आणि मायक्रोफोन, समोर लाकडी खुर्ची. दार लावलं की स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकू यावी इतकी ती खोली मुकी होती. मावशीला खरं तर तिथे गुदमरायचं. म्हणून अध्याय वाचून झाला, "अध्याय समाप्त" म्हटलं आणि बटण दाबलं, की ती खुर्चीतून अशी उठायची जशी शाळा सुटल्याची घंटा ऐकलेली पोरगी.

कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. काकांचा धाकटा भाऊ याच व्यवसायातला, त्यामुळे यंत्राची मर्जी सांभाळणं त्याच्याकडे होतं. त्यानं एक दिवस फोनवर निकाल देऊन टाकला. या कॉम्प्युटरमधली सिस्टिम बनवणाऱ्यांनी आता तिच्यावर पाणी सोडलं आहे, ग्रंथालयाचं नवं रेकॉर्डिंग तिच्यावर चालायचं नाही. सगळं पुसून नवी सिस्टिम घालावी लागेल. रविवारी तो येणार होता. त्याआधी आतल्या सगळ्या गोष्टींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवायची, हे काम त्यानं मावशीवर सोपवलं.

"वहिनी, पुसलं म्हणजे पुसलं," तो म्हणाला. "मागाहून माझ्या नावानं खडे फोडू नका."

मावशीला तेवढं कळत होतं. मागच्या वर्षी ग्रंथालयात पाण्याचा पाइप फुटला आणि तिथली साठवण भिजून गेली. तिनं वाचलेल्या पुस्तकांच्या मूळ फाइली आता फक्त तिच्या घरात, त्या एका म्हाताऱ्या यंत्रात होत्या. शिवाय सध्याचं पुस्तक अर्धवट होतं. नद्यांवरच्या पुलांच्या इतिहासावरचं जाडजूड पुस्तक. ग्रंथपालबाईंनी स्वतः मागून घेतलेलं.

२

डिस्क साबणाच्या वडीएवढी होती. मावशीनं ती जोडली, दिराने सांगितलं होतं तसं केलं आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकू लागली. सरकू लागली म्हणजे काय, मुंगीनं लाजावं अशी.

मावशीनं थोडा वेळ पट्टीकडे पाहिलं. मग कपड्यांच्या घड्या घातल्या. पुन्हा येऊन पाहिलं. मग ज्यांना धूळ लागायला वेळच मिळाला नव्हता अशी पुस्तकं झटकली. पुढच्या खोलीत काका खिडकीकडे तोंड करून, एक जुना रेडिओ खोलून बसले होते. ते त्यांचं निवृत्तीतलं वेड. बोळ त्यांच्या पाठीशी होता आणि बोळाच्या टोकाला कोठीची खोली. ती पाचव्यांदा की सहाव्यांदा मागून गेली तेव्हा ते न वळता म्हणाले की तू पंख्यासारखी फिरते आहेस, निदान वारा तरी लागू दे.

प्रत पूर्ण झाली. आता दोन्हीकडचा आकार तपासायचा, सारखा आला की झालं, असं दिराने बजावलं होतं. मावशीनं तपासला. सारखा नव्हता. प्रत मुळापेक्षा मोठी होती.

कमी असती तर तिला समजलं असतं. काहीतरी राहून गेलं असेल. जास्त कसं? पाण्याचा हंडा दुसऱ्या हंड्यात ओतला तर थोडं सांडेल, वाढणार कुठून? तिनं दिराला फोन लावला. तो हसला. डिस्कची मोजायची पद्धत वेगळी असते, त्यात थोडंफार पुढेमागे होतंच, म्हणाला. तरी मनाला खातच असेल तर पुसून परत काढा.

तिनं पुसली आणि परत काढली. दुसरी प्रत पहिलीपेक्षाही थोडी मोठी निघाली.

मग तिनं एकच फाइल घेतली. गुलाबांची निगा कशी राखावी यावरचं पुस्तक, तिनं सगळ्यात आधी वाचलेलं. यंत्रातली मूळ फाइल उघडून तिची लांबी पाहिली. डिस्कवरची उघडली. तोच अध्याय, तेच वाचन, पण प्रत थोडी जास्त वेळ चालत होती. शेवटाकडे काहीतरी जोडलेलं होतं.

चहाची वेळ झाली होती. मावशी उठली नाही. तिनं हेडफोन कानाला लावला.

३

"अध्याय समाप्त," तिचाच आवाज म्हणाला, आताच्यापेक्षा तरुण आणि थोडा घाईतला. मग शांतता. मूळ फाइल इथे संपत होती.

प्रत पुढे चालू राहिली. खुर्ची करकरली. सपाता फरशीवर घासल्या. दार उघडलं, दार लागलं. त्यानंतर खोली. कोणी नसलेली खोली कशी ऐकू येते ते मावशीनं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कशी, ती तिथे असायची तेव्हा खोली रिकामी नसायची. रजयांमध्ये दबलेला एक सपाट, जाड आवाज. थोड्या वेळानं तोही थांबला.

मावशीला हायसं वाटलं. म्हणजे बटण दाबायला आपण विसरलो असू आणि नंतर शेपूट कापून टाकलं असेल; कापलेलं यंत्रानं कुठेतरी लपवून ठेवलं आणि आता प्रत काढताना बाहेर आलं. टेलिफोन खात्यात असे उलटेसुलटे प्रकार रोज व्हायचे. बंद केलेल्या लाइनवरसुद्धा माणसं बोलताना सापडायची. या स्पष्टीकरणानं तिचं समाधान झालं, आणि केवळ समाधान पक्कं करावं म्हणून तिनं पुढच्या पुस्तकाची प्रत उघडली.

तिथेही ती उठली, गेली, दार लागलं. तिथेही रिकामी खोली. मग खुर्ची करकरली.

उठल्यावर खुर्ची करकरते तशी नाही. कोणी बसल्यावर करकरते तशी. दोन्हींतला फरक मावशीला झोपेतही कळला असता.

ती एकेक प्रत उघडत गेली. प्रत्येक वेळी ती थेट शेवटाकडे जायची, "अध्याय समाप्त" ऐकायची आणि पुढे कान द्यायची. आधीच्या वर्षांत नुसती खुर्ची होती. मग खुर्ची आणि श्वास. मग कोणीतरी घसा साफ केला, अगदी हळू, दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्यानं करावा तसा. त्यानंतरच्या पुस्तकांत शब्दांसारखं काही होतं, पण शब्द नव्हते. प्लास्टर काढल्यावर माणूस पाय टाकून बघतो तसं कोणी जीभ टाकून बघत होतं. तिनंच नुकतं वाचलेलं शेवटचं वाक्य होतं ते. चाल तीच, थांबण्याच्या जागा त्याच, अक्षरं तेवढी अजून लागत नव्हती.

मागच्या वर्षापर्यंत अक्षरंही लागली होती. आवाज मात्र परका होता, घोगरा, वय न कळणारा. पुलांच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायानंतर तो म्हणाला, "पाण्याखाली काय आहे ते कळल्याशिवाय पहिला खांब उभा करता येत नाही." थोडं थांबून पुन्हा तेच म्हणाला. या खेपेला "खांब"वर त्यानं मावशीसारखा किंचित जोर दिला.

मावशीनं हेडफोन काढून ठेवला. मागच्या आठवड्यातल्या अध्यायाची प्रत तिनं उघडली नाही.

पुढच्या खोलीत जाऊन तिनं काकांना विचारलं की तुम्ही कधी कोठीच्या खोलीत जाऊन बसता का. काकांनी स्क्रू दातात धरला होता, त्यामुळे त्यांनी आधी मान हलवली.

"मी कशाला जाऊ? दाराच्या फटीतून तुझं वाचन इथवर ऐकू येतंच की," ते म्हणाले. "दुपारचं येतं आणि चहानंतरचंही येतं."

"चहानंतरचं कुठलं?"

"तू पुन्हा बसतेस ना सरावाला. तेच."

मावशी चहानंतर गच्चीवर फेऱ्या मारायला जायची. पाऊस असो, थंडी असो, तिची ती फेरी चुकत नसे. ते काकांना माहीत होतं. पण त्यांच्या डोक्यात हिशेब असा होता की ही गच्चीवर जाते, चार फेऱ्या मारते, कंटाळते आणि खाली येऊन वाचायला बसते. बोळाकडे पाठ असल्यामुळे ती कधी आली ते त्यांनी पाहिलं नव्हतं. वाचन ऐकू आलं म्हणजे ती आली.

कधीपासून, असं मावशीनं विचारलं. काकांना नक्की सांगता येईना. बरेच दिवस झाले, म्हणाले. अलीकडे छान वाचतेस, असंही म्हणाले.

४

रविवारी दीर आला. चहा घेतला, भावाच्या रेडिओची टिंगल केली, आणि मग मावशीनं त्याला कोठीच्या खोलीत नेऊन हेडफोन दिला. मनात धाकधूक होती की त्याला काहीच ऐकू येणार नाही, आणि वहिनींना आता वयानं भास होतात असं घरात ठरेल.

त्याला सगळं ऐकू आलं. तिनं जी उघडली नव्हती नेमकी तीच प्रत त्यानं लावली होती. तो ऐकत राहिला आणि मान डोलावू लागला.

"यात बिघाड काय आहे वहिनी? तुम्हीच वाचताय की," तो म्हणाला. "आवाज तुमचाच आहे."

मावशीनं हेडफोन घेतला नाही. मूळ फाइल लाव, एवढंच म्हणाली. त्यानं लावली. "अध्याय समाप्त," आणि फाइल संपली. त्यानं पुन्हा लावली. स्वतःची दुसरी डिस्क बॅगेतून काढून तिच्यावर त्या एका फाइलची प्रत काढली आणि तपासली, तर तीही मुळापेक्षा लांब निघाली. मग तो टेबलावर बोटं वाजवत राहिला.

शेवटी तो म्हणाला की जुन्या सिस्टिममध्ये वर्षानुवर्षांचा गाळ साठतो, कापलेले तुकडे कुठे कुठे अडकून राहतात. सगळं पुसून टाकलं की भानगड मिटेल. फक्त एक, पुसल्यावर स्वच्छ शेवट असलेल्या मूळ फाइली जातील. हातात राहील ती ही शेपटीवाली प्रत. चालेल का?

मावशीला त्या यंत्रातून जे काही असेल ते जायला हवं होतं. तिला वाटलं, ते जिथे राहतं ती जागाच पुसली तर ते राहील कुठे? ती म्हणाली, पूस.

त्यानं मायक्रोफोन काढून गुंडाळला आणि जमिनीवर ठेवला. धूळ बसू नये म्हणून मावशीनं पुलांचं पुस्तक आधीच पुढच्या खोलीत नेलं होतं. पुसणं पार पडलं, नवी सिस्टिम बसू लागली आणि पडदा काळा होऊन त्यावर एक पांढरा ठिपका गोल गोल फिरत राहिला. दिराने गाडीतून वहिनींसाठी कॉम्प्युटरचा एक मोठा पडदा आणला होता, जुना पण चांगला. तो वर आणायला दोघे भाऊ खाली गेले.

मावशी स्वयंपाकघरात कप विसळत होती. नळ चालू होता. त्या पाण्याच्या आवाजातून तिला वाचन ऐकू आलं.

आधी वाटलं, शेजारचा टीव्ही. मग वाटलं, दिराने कुठली फाइल चालू ठेवली असेल. पण यंत्रात आता एकही फाइल नव्हती, आणि हा आवाज यंत्रातून आल्यासारखा नव्हताच. त्याला अंग होतं. मध्येच पान उलटल्यासारखी एक थांबण्याची जागा यायची, ओठ ओले केल्यासारखा बारीक आवाज यायचा. मावशी ओल्या हातांनी बोळात आली.

कोठीचं दार अर्धवट उघडं होतं. आत दिवा नव्हता, पडद्याचा उजेड तेवढा. त्या उजेडात खुर्चीची पाठ दिसत होती, आणि पाठीच्या वर एक खांदा आणि केसांची कड. जे बसलं होतं ते सरळ, पाय जमिनीला टेकवून, अजिबात न हलता बसलं होतं. मावशी आयुष्यात कधी बसली नसेल तसं. वाचत होतं ते पुलांचं पुस्तक होतं. पण मावशीनं वाचलेला भाग नव्हे. पुरात वाहून गेलेल्या एका पुलाची हकीकत होती, काठावर उभ्या राहिलेल्या माणसांची. तिथवर ती अजून पोचली नव्हती. आणि पुस्तक पुढच्या खोलीत होतं.

मावशीच्या पायाखाली फरशीचा सैल तुकडा वाजला.

वाचन थांबलं नाही. खुर्चीतून फक्त एक हात वर आला, तळवा मागे वळवलेला, बोटं जुळलेली. आत कोणी आलं की मावशी असाच हात वर करायची, मान न वळवता. थांबा, रेकॉर्डिंग चालू आहे. काका त्या हातापुढे थांबायचे, पाहुणे थांबायचे, एकदा तर गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन परिच्छेद संपेपर्यंत उभा राहिला होता.

पुढे होऊन दिवा लावावा, खुर्ची फिरवावी, हे तिच्या मनात आलं. पाय हलले नाहीत. भीतीनं हलले नाहीत असं नंतर तिला म्हणता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. हात वर आहे म्हणून ती थांबली होती.

हात सावकाश खाली गेला. वाचन चालूच राहिलं. स्वयंपाकघरात नळ वाहत होता आणि तो आवाज इथवर येत होता. मावशी चवड्यांवर चालत परत गेली आणि तिनं नळ बंद केला.

५

दोघे भाऊ धापा टाकत वर आले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. नवी सिस्टिम बसली होती, पडदा निळाभोर झाला होता. दिराने सगळं जोडून दिलं आणि डिस्कवरची प्रत परत आत घालू का विचारलं. मावशी नको म्हणाली. मग कधीतरी घालू. डिस्क तिनं कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली. जाताना दिराने तिच्याकडे दोनदा वळून पाहिलं, पण पायांत चपला सरकवताना तो फक्त एवढंच म्हणाला की वहिनी, थोडे दिवस आराम करा.

तो गेल्यावर तिनं पुलांचं पुस्तक उघडून पाहिलं. वाहून गेलेला पूल होता त्यात. काठावरची माणसंही होती.

त्यानंतर मावशीनं कोठीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बाहेरून कडी घातली. काकांना सांगितलं की घसा बसलाय. घसा खरंच बसला. एकदा तसं सांगितल्यावर आवाज जो उतरला तो चढेचना. गच्चीवरच्या फेऱ्याही तिनं सोडल्या. घर सोडून वर जायला धीर होत नव्हता आणि घरात बसवत नव्हतं, म्हणून ती बोळात फेऱ्या घालू लागली. या टोकाला काकांची पाठ, त्या टोकाला कडी घातलेलं दार. दाराशी आली की ती थांबायची, कान द्यायची, परत फिरायची. कधी आतून काही यायचं नाही. कधी यायचं.

एका दुपारी ती अशीच काकांच्या मागे येऊन उभी होती. काकांचं डोकं रेडिओत होतं.

"आज लवकर बसलीस वाचायला," ते म्हणाले.

"मी इथे आहे," मावशी म्हणाली. बसलेल्या घशातून जेवढं निघालं तेवढं.

काका वळले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून बोळाकडे. वाचन थांबलं होतं. थोड्या वेळानं ते हसले आणि म्हणाले की या डबड्यातून कुठलं तरी केंद्र लागलं असेल. रेडिओच्या तारा तेव्हा सगळ्या सुट्या होत्या. त्यांनी स्क्रू उचलला, तो हातातून निसटला, आणि बराच वेळ दोघांनी मिळून तो शोधला. त्याविषयी पुन्हा बोलणं झालं नाही. मात्र त्या दिवसापासून काका खुर्ची फिरवून, बोळाकडे तोंड करून बसू लागले.

पुलांचं पुस्तक आपल्याच्यानं आता पूर्ण होणार नाही, हे ग्रंथपालबाईंना कळवायला हवं होतं. मावशी ते टाळत राहिली. शेवटी एका सकाळी त्यांचाच फोन आला.

ग्रंथपालबाई स्वतः जन्मापासून अंध. माणसं त्यांना चपलांच्या आवाजावरून कळायची. मावशीनं फोन कानाला लावला आणि तिनं तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरुवात केली. पुस्तक मिळालं, म्हणाल्या. उरलेले सगळे अध्याय काल रात्री एकदम आले, नेहमीसारखे तुमच्या कॉम्प्युटरवरून, इंटरनेटनं. सकाळपासून आम्ही चौघी बसून ऐकतोय. त्यांचा आवाज भरून आला होता. त्या म्हणाल्या की वाईट वाटून घेऊ नका, पण इतकी वर्षं तुमच्या वाचनात एक घाई असायची. ऐकताना वाटायचं, मावशींना कुठेतरी जायचंय. या खेपेला तसं नाही. या खेपेला कोणी आमच्याजवळ बसून वाचतंय. उठायचंच नाही असं ठरवून बसलंय.

मावशीनं कडी घातलेल्या दाराकडे पाहिलं.

"एकच छोटी गोष्ट," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "अध्याय संपल्यावर बटण दाबायचं राहून जातंय तुमचं. पुढे खोली ऐकू येत राहते. आणि बाहेर कोणीतरी चालत असतं. इकडून तिकडे, तिकडून इकडे, सारखं. मध्येच दाराशी येऊन उभं राहतं. आत येत नाही. कोण आहे हो ते? जीव कासावीस होतो ऐकून."

मावशीला सांगायचं होतं. घशातून फक्त वारा आला. तिनं पुन्हा प्रयत्न केला.

"मी," ती म्हणाली. "मी आहे ती."

ग्रंथपालबाई कान देऊन काहीतरी ऐकत होत्या. मग मावशीलाही ऐकू आलं. बोळाच्या टोकाकडून, कडी घातलेल्या दारामागून, सावकाश, स्पष्ट. नवं पुस्तक सुरू झालं होतं. पुढच्या खोलीत काका खुर्चीतून अर्धवट उठून उभे होते, हातात स्क्रूड्रायव्हर, आणि बोळाकडे पाहत होते.

"माफ करा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा सूर बदलला होता. परक्या माणसाशी बोलावं तसा तो अदबीचा झाला होता. "मला वाटलं मावशीच बोलतायत. त्या आत वाचतायत होय? मग नका हाक मारू त्यांना. अध्याय संपू दे. मी नंतर करते."

"बरं," मावशी म्हणाली, आणि वाचनात खंड पडू नये म्हणून फोन तिनं अगदी हलक्या हातानं खाली ठेवला.